सेरवाच्या टॅक्सीसाठी रदबदली

कुमासी, ४ मार्च

ती. दादास,
सेरवाचा शि. सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून तू चिडला असशील. अरे, तो मीच बंद करून गारीच्या रव्याच्या डब्यात ठेवलाय. टॅक्सीच्या कर्जाच्या कंपनीतला एक पोरगा रोज कोंबडा आरवायच्या आधी फोन करायचा. आधी मॅडम म्हणायचा, मग ताई, आता नुसतं नाव घेतो. फोन चालू ठेवला असता तर एव्हाना शिव्यांवर आला असता. म्हणून हे पत्र तुझ्याकडच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय.

झालं असं, की जानेवारीत बाजारातल्या गटारात पाय गेला आणि हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, क्लच दाबू कशाने? दोन हप्ते चुकले. तीन वर्षं नेमाने फेडलं, एकच वर्ष राहिलंय, आणि आता महिनाअखेर गाडी उचलून नेऊ असा निरोप आलाय. गाडी गेली की मी पुन्हा सासूबाईंच्या कापडाच्या दुकानात स्टुलावर. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या ड्रायव्हिंगची कथा ऐकवणार. त्यापेक्षा दुसराही पाय मोडलेला परवडला.

पण तुझी बहीण काही बावळट नाही. आफुआ मावशी अंत्यविधीसाठी खुर्च्या भाड्याने देते ना, तिच्या अंगणात खुर्च्यांच्या ढिगामागे गाडी लपवलीय. गेल्या शनिवारी मात्र सगळ्या खुर्च्या भाड्याने गेल्या आणि गाडी उघडी पडली. मावशीने घाईघाईने तिच्यावर मयताचं लाल-काळं कापड टाकलं, तर रस्त्यावरच्या दोन बायका आत येऊन रडायला लागल्या. मावशीलाही त्यांच्याबरोबर थोडं रडावं लागलं.

मामांना यातलं अवाक्षर कळवू नकोस. सगळ्या घराण्याचे वडीलधारे ते, त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जाऊ? लिहिताना विनोद सुचतायत, पण झोप उडालीय रे दादा.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या आठवड्यात जरा जास्त लागेल.
तुझी,
सेरवा

—

बोल्गातांगाजवळून, ११ मार्च

चि. सेरवास,
अ. उ. आ.

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि मुलांसमोर फिस्सकन हसलो. मास्तरची अब्रू गेली, ती तुझ्या नावावर मांडून ठेवलीय.

आता हसणं पुरे. गाडी लपवण्याची अक्कल तुला कोणी दिली? हप्ता चुकलेल्याशी सावकार बोलतो, पळालेल्याशी नाही. गाडी लपवलीस म्हणजे तू पळालीस असंच ते धरणार. आधी फोन डब्यातून काढ. दवाखान्याचा कागद घे आणि थेट त्यांच्या ऑफिसात जा. चुकलेले दोन हप्ते कर्जाच्या शेवटी ढकला म्हणावं, आणि हो म्हणाले तर लेखी माग. तोंडी कबुलीवर विसंबून राहू नकोस.

आणि एकटी जाऊ नकोस. मी मामांना सगळं कळवलंय. रागाव खुशाल. आपल्यात कोणी एकट्याने गयावया करायला जातं का? वडीलधारं माणूस मध्ये घालतात, तेवढी तरी रीत पाळ.

पायाला जप. तोंडाला त्याहून जप.
तुझा,
बोआची

—

कुमासी, २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चुगलखोरा, तुझं पत्र पोचायच्या आत मामा दारात हजर. खांद्यावरून ते मोठं उंची वस्त्र, काखेत रीतीप्रमाणे विनवणीची जिनची बाटली, बरोबर क्वार्तेंगकाका आणि दोन मावश्या. मामा चारचौघांत स्वतः बोलत नाहीत, त्यांचं बोलणं क्वार्तेंगकाकाच बोलतात, हे त्या कंपनीला कोण सांगणार? मी कुबडीवर, मागे ही वरात. वॉचमनला वाटलं आम्ही मयताची वर्गणी मागायला आलोय.

साहेबांच्या खोलीत टेबलामागे चष्मा लावलेली एक पोरगेलीशी बाई, आणि बाजूच्या सोफ्यावर पांढऱ्या केसांचे एक भारदस्त आजोबा. मामांनी बाईकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक आजोबांपुढे गेले आणि थोरामोठ्यांना मान द्यावा तसं खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं. मी मावशीला चिमटा काढला, मावशीने मला काढला.

आजोबा दचकले, पण चांगल्या घरचे. पाहुण्यांना आधी पाणी द्या म्हणाले. बाई स्वतः उठून पाणी घेऊन आली. मग आजोबांनी रीतीप्रमाणे येण्याचं कारण विचारलं आणि क्वार्तेंगकाका सुरू झाले. आमच्या मुलीचा पाय मोडला, लाजेपायी तिने गाडी लपवली, ते चुकलंच. ती पळालेली नाही, पैन् पै फेडील, फक्त त्या दोन हप्त्यांना रांगेत शेवटी उभं करा, एवढीच मामांची विनवणी. बाटली पुढे ठेवली. आजोबांचे डोळे भरून आले. म्हणाले, ऐकलं, पोरीला माफ केलं. आणि मग जरा घसा साफ करून म्हणाले, की आता हेच त्या बाईंनाही सांगून बघा, कारण साहेब त्या आहेत. मी ताविया, माझ्या पिकअपचे हप्ते थकलेत म्हणून हातापाया पडायला आलोय.

दादा, मी भिंत धरून हसले. बाईने टेबलावर डोकं टेकलं होतं, तिचे खांदे हलत होते. दिलेली बाटली परत कशी घेणार? मग मामांच्या इशाऱ्यावर क्वार्तेंगकाकांनी तावियाआजोबांसाठीही रदबदली करून टाकली. शेवटी बाईने डोळे पुसून माझा दवाखान्याचा कागद ठेवून घेतला. मुख्य ऑफिसला कळवते, शुक्रवारी या, आणि फोन कृपा करून चालू ठेवा म्हणाली. काय होईल कुणास ठाऊक. घरी येईपर्यंत माझं पोट दुखत होतं.

मामांना मात्र अजून वाटतंय, सगळं यथासांग झालं. त्यांना कोण सांगणार?

हसून हसून थकलेली,
सेरवा

—

कुमासी, २६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मिळालं. लेखी मिळालं. दोन्ही हप्ते कर्जाच्या शेवटी गेले, दंड निम्मा झाला, व्याज थोडं वाढलं, ते भरीन. गाडी माझ्याकडेच राहतेय. कागद मावश्यांना वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा मोठ्याने वाचला, मग रडले. आता फोन कर रे, उचलते.
सेरवा

—

कुमासी, ९ एप्रिल

चि. बोआचीस,
अ. उ. आ. मामा सांगताहेत आणि मी, क्वार्तेंग, लिहितोय.

म्हाताऱ्याला आता दिसेनासं झालं का, असं तू विचारलंस. चांगलं दिसतं. साहेबाच्या नावाची पाटी टेबलावर होती आणि क्वार्तेंगला वाचता येतं. पण ती पोर माझ्या नातीएवढी. मी तिच्यासमोर वस्त्र खाली घेतलं असतं तर बिचारी कानकोंडी झाली असती, आणि अवघडलेलं माणूस पटकन नाही म्हणून मोकळं होतं. आपल्यात कोणाला काही सांगायचं तर दुसऱ्याकरवी सांगतात. बोलणारा मी बरोबर आणलाच होता, ऐकणारा मला सोफ्यावर आयता मिळाला. ती ऐकत होती, तेवढं पुरे होतं. (सेरवा वॉचमनची समजूत घालत होती, तेवढ्यात तावियांना आम्ही बाहेर बाकावर सगळं आधीच समजावलं होतं. डोळे मात्र त्यांचे खरोखरच भरले. — क्वार्तेंग)

यातलं सेरवाला काही कळवू नकोस. पत्रात ती कितीही थट्टा करू दे, मी आलो तेव्हा तिचा चेहरा पाहिला होता. त्या दिवशी ती माझ्यावर हसत हसत घरी आली, जेवली, आणि भरदुपारी खुर्चीतच झोपली. मी वेडा ठरलो तरी चालेल, तिला हसू दे.

मायेला उतार पडू देऊ नकोस.
तुझा,
मामा