खणातला साठचा बल्ब

३ डिसेंबर

गेला! माझ्या टेबलावरचा शंभर वॅटचा बल्ब आज चिरंजिवांनी काढला. घरातले बाकीचे बावीस कालच निघाले, खोक्यात भरून जिन्याखाली. तेविसाव्याला मी पाठीशी घातलं होतं, म्हणून तो एक दिवस जास्त जगला.

चिरंजीव सध्या या घरचे ऊर्जामंत्री आहेत. हे नाव फक्त या वहीत. तोंडावर म्हटलं तर दोन दिवस अबोला धरेल. लहानपणापासून नाकावर राग!

नवा एलईडी पांढराशुभ्र. दुरुस्तीच्या घड्याळातला स्क्रू न् स्क्रू दिसतो, खोटं कशाला बोलू? तरी म्हटलं, "डोळ्यांना खुपतो रे."

६ डिसेंबर

पिवळसर एलईडी आला. छान आहे. म्हटलं, "याने झोप येते."

९ डिसेंबर

आज कमी-जास्त होणारा आला, रिमोटसकट. म्हटलं, "गुणगुणतो." ऊर्जामंत्री दिव्याला कान लावून पाच मिनिटं उभे!

सूनबाई दारातून म्हणाली, "अहो, बाबांना नेमकं काय हवंय ते विचारा ना एकदा."

"विचारतोय तर! दर तीन दिवसांनी विचारतोय!"

मला हसू आवरेना. भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळात तोंड खुपसलं.

१० डिसेंबर

तुला म्हणून सांगतो, वही. उजेड मला नकोच आहे. त्या बल्बची धग हवी आहे. थंडी पडली की माझ्या बोटांची लाकडं होतात. दोन वर्षं झाली. बल्बखाली दहा मिनिटं धरली की सुटायची. हा एलईडी म्हणजे नुसता उजेड. हात लावला तर आपलीच ऊब त्याला द्यावी लागते.

पण हे सांगायचं कोणाला? सांगितलं की लगेच, "बाबा, आता पुरे, आराम करा." घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा एवढं एक टेबल तरी घरी आणू दिलं. मागच्या महिन्यात पठ्ठ्या त्याचीही लांबी-रुंदी मोजत होता. तिथे कपड्यांचं कपाट बसतं म्हणे! हात गेले हे कळलं की टेबल गेलंच. मग मी दिवसभर काय करू? खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले विचारू?

नाही सांगणार.

१२ डिसेंबर

शाळेच्या मोठ्या बाई घड्याळ देऊन गेल्या. त्यांच्या आईचं आहे. वीस तारखेला बाई निवृत्त होतायत, त्या समारंभात घालायचंय. घड्याळाला चिठ्ठी बांधली, दुकानात चाळीस वर्षं बांधत होतो तशीच. नाव: मोठ्या बाई. तक्रार: मधेच थांबतं. कधी हवं: वीस तारखेला सकाळी.

उघडलं. आतली केसाएवढी स्प्रिंग गुंतलीय. चिमटा दोनदा हातातून सुटला. झाकण लावून ठेवून दिलं.

१३ डिसेंबर

ऊर्जामंत्र्यांनी माझ्या भिंतीवर हीटर बसवला. खोलीत माणूस हलला तर चालू, नाहीतर आपोआप बंद. वीज वाचते! आता मला सांगा, काम करताना घड्याळजी कधी हलतो का? मी श्वास रोखून स्प्रिंग धरतो आणि हा विझतो. त्याच्या लेखी मी गेलो. मग दर तीन मिनिटांनी डावा हात हवेत हलवायचा आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

सूनबाईने पाहिलं. "बाबा, कोणाला टाटा करताय?"

"यमाला. म्हटलं, तू हो पुढे."

१४ डिसेंबर

आज चोरी केली! जिन्याखालच्या खोक्यातून साठचा बल्ब पळवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होल्डर बसवला, डबा टेबलाच्या खालच्या खणात, वायर मागच्या फटीतून. वरून जुना मफलर गुंडाळून गाठ मारली. उजेडाचा कवडसासुद्धा बाहेर येत नाही. वर एलईडी, खाली अधर्म! खणात हात घालून बसलो. दहा मिनिटांत बोटं सुटली. तुलाही आता तिथेच ठेवतोय, डब्याशेजारी. तूही शेक.

१५ डिसेंबर

करपल्याचा वास सुटला. ऊर्जामंत्री नाक वर करून घरभर हिंडले.

"काय जळतंय?"

"शेजारी."

"बाबा, शेजारचे गावाला गेलेत."

"मग गॅसवर काहीतरी राहिलं असेल त्यांचं."

हा धावत शेजारची कडी वाजवायला! तेवढ्यात मी बटण बंद केलं. मफलरला कोटाच्या बटणाएवढं भोक पडलंय. घाबरलो, हेही लिहून ठेवतो. घरात माणसं आहेत, लाकडाचा खण आहे. पण वीस तारीख तोंडावर आलीय. उद्या जपून लावू.

१६ डिसेंबर

सूनबाईने दुपारी ओढत डोळे तपासायला नेलं. "डोळ्यांना खुपतो" म्हणालो होतो ना, भोगा आता! डोळे ठणठणीत निघाले. परत आलो तर ऊर्जामंत्री ऑफिसातून लवकर घरी आलेले. "कसे आहेत डोळे?" इतक्या गोड आवाजात विचारलं की मला संशयच आला. धावत जाऊन खण पाहिला. डबा जागच्या जागी, गाठ जशीच्या तशी. वाचलो!

१७ डिसेंबर

डबा शहाण्यासारखा वागतोय. वास नाही, चटका नाही, सगळीकडे एकसारखी ऊब. काल सकाळी मफलर दुहेरी करून भोक आत घेतलं, त्याचा गुण. उगाच नाही जन्म यंत्रांत काढला!

१९ डिसेंबर

बसली! एका दमात बसली स्प्रिंग! मी खुर्चीत एकटाच टाळ्या वाजवल्या. हीटर चालू झाला.

२० डिसेंबर

बाई येऊन घड्याळ घेऊन गेल्या. कानाला लावलं आणि रडल्याच. ऊर्जामंत्री दारात उभा होता. माझ्या हातांकडे पाहत होता. मी हात खिशात घातले.

२१ डिसेंबर

मफलर धुवायला टाकावा म्हणून गाठ सोडली. डब्यात बल्ब नाही! होल्डरही नाही. कापडात शिवलेली शेकायची चपटी गादी आहे, माझ्याच वायरीला नीट जोडलेली. आणि तिच्यावर एक घड्याळ. चिरंजिवांना नोकरी लागली तेव्हा मीच दिलेलं. मोबाइल आल्यापासून त्याने मनगटाला लावलं नव्हतं. घड्याळाला चिठ्ठी बांधलेली, माझ्याच पद्धतीने.

नाव: ऊर्जामंत्री. तक्रार: मागे पडतं. कधी हवं: घाई नाही, टेबल कुठे जात नाही.

हे नाव मी या वहीबाहेर कधी काढलेलं नाही.

वही दुसरीकडे ठेवावी का? छे! तिथेच राहू दे. आजपासून अक्षर तेवढं जरा मोठं काढतो.