इंजिन येणार की नाही

प्रिय भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे? गोदामात खोकी उचलताना गुडघ्यातून वाका. (हे मी पुस्तकात वाचलंय, तेव्हा माझं नाही तरी पुस्तकाचं ऐका.) मी बरी आहे. गुडघे बोलतात, मी लक्ष देत नाही.

घाईने लिहायचं कारण इंजिन. तुमच्या कंपनीच्या मोटरसायकलींना नवं इंजिन येणार अशी आवई इथे उठली आणि ह्यांच्या मोटरसायकलवाल्या दोस्तांत उभी फूट पडली. रविवारी आमच्या अंगणात जमायची त्यांची रीत तुम्हाला माहीत आहेच. सगळ्या गाड्या चालू करायच्या, मग एकेका इंजिनाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायची आणि डॉक्टरसारखं तोंड करून ऐकायचं. ह्यांच्या गाडीचीही नाडी बघतात. (हे गेल्यापासून ती जागची हललेली नाही, पण ठणठणीत आहे म्हणे.)

सलूनवाला म्हणतो, जुन्या गाड्या आत्ताच फुंकून टाका, नंतर भंगारवालाही विचारणार नाही. त्यावर ड्रॉइंगचे मास्तर उसळले, "गुडघ्याला बाशिंग बांधलंयस, आधी नवरी जन्माला तरी येऊ दे!" सलूनवाला म्हणाला, मास्तरांची गाडी चढ आला की मागच्याला उतरायला लावते. तेव्हापासून दोघं एकाच बाकावर बसून "वहिनी, त्यांना सांगा" असं माझ्यामार्फत भांडतात. गेल्या रविवारी मास्तर रागाने उठले, किकवर किक मारली, गाडी चालूच होईना. शेवटी सलूनवाल्याने तोंड फिरवून धक्का मारला, तेव्हा कुठे त्यांना रागावून जाता आलं.

हसू नका, प्रकरण गळ्याशी आलंय. जुन्या गाड्या घेणारा व्यापारी येत्या रविवारी ट्रक आणतोय. सगळ्या एकदम दिल्या तरच नेणार. सगळ्यांत ह्यांचीही आली. "उभ्या उभ्या गंजेल हो, वहिनी," असं सलूनवाला हळूच म्हणाला. खोटं बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

शेवटी ठरलं की तुम्हाला विचारायचं. (मास्तर म्हणाले, फोन नको, बोललेलं माणूस फिरवतो.) तुमचं पत्र अंगणात मोठ्याने वाचायचं. इंजिन येणार असेल तर गाड्या ट्रकवर, नसेल तर विषय बंद. तेव्हा खरं काय ते लगेच कळवा.

तुमची वहिनी

ता. क. खरं काय ते कळवू नका. "येणार" लिहिलंत तर ह्यांची गाडी जाईल. "नाही" लिहिलंत तर भांडण मिटेल, आणि भांडण मिटलं की ही माणसं येतील कशाला? हे गेल्यावर मधे एकदोघंच यायचे, नाडी बघून माझ्याकडे न बघता निघून जायचे. आता सगळे येतात, चहावर चहा होतो, आणि हे असते तर काय म्हणाले असते यावर दोन्ही बाजू तावातावाने भांडतात. तेव्हा असं लिहा की वर बोलणी चालू आहेत, नक्की काही सांगता येत नाही. साहेब लोक लिहितात तसं, दोन पानं, आणि शेवटी काहीच कळता कामा नये.

आणखी एक. अक्षर नेहमीसारखंच वाईट काढा. मोठ्याने मलाच वाचायचंय. मधेच थांबले, तर अक्षर लागत नव्हतं म्हणता येईल.