हूं कोण देऊन राह्यलं

५ नोव्हेंबर
बाजारहत्नूर सोडून आदिलाबादेत नातीकडं राहायला आली. प्रगती इथल्या लहानशा रेडिओत कामाला आहे. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, तोंड चालते. तिच्यासोबतचा अमरदीप गावोगावच्या माणसांचे आवाज भरून आणते, त्याच्या छोट्या छोट्या गोष्टी करते. शिकलेले लोक ऐकून नुसतं छान छान म्हणतात म्हणे, म्हणून खोट काढायला मला बसवलं. सुना आल्यापासून माझा तोच धंदा आहे.

७ नोव्हेंबर
पहिली ऐकली वांकिडीच्या बयनाबाईची. पराटीचा कापूस वेचता वेचता बाळंत झाली ते सांगते, मधेच सासूची नक्कल करते. नक्कल झकास. कोंबड्या फार, तेवढ्या कापा म्हटलं. अमरदीपनं विचारलं, कोंबड्या का आवाज? मागं कोणी हूं देऊन राह्यलं ते बरं केलं म्हटलं. आमच्याकडं हूं देणारा नसला तर कोणी गोष्ट सांगत नाही. तो म्हणे, आजी, मी तोंड मिटून होतो. दुसरं तिथं कोणी नव्हतं.

१२ नोव्हेंबर
आज जुने पटवारी सुधाकरराव. आवाज भारी, गोष्ट फुगवलेली; वाघ दर वाक्याला वाढते. पण मागं हूं तोच, घोगरा. म्हातारा शेवटी म्हणाला, झालं, एवढंच. तेव्हा तो हूं लांबला, पोट भरल्यावानी. प्रगतीनं मग हळूच सांगितलं, बयनाबाई अन् पटवारी, दोघंही गेले. आपली गोष्ट सांगून झाली त्याच दिवशी. म्हातारी माणसं मरतातच म्हटलं. चहा काही प्यायली नाही.

१५ नोव्हेंबर
अमरदीपनं प्रगतीचीच भरली. आईवाचून कशी वाढली ते. लाईन गेली म्हणून अर्धी राहिली. मी ऐकली. हूं आहे, अगदी तिच्या कानाशी. उरलेली भरू नको म्हटलं तर हसली. अन् भाकरी थापता थापता स्वतःच पुढचं सांगू लागली. काऊन बोलतेस, विचारलं. तिला ठाऊकच नाही आपण बोलून राह्यलो. हे लिहायला बसवलं, तेव्हा गप्प झाली.

१६ नोव्हेंबर
पेन खाली ठेवला की पुढचं सांगते. शेवटाजवळ आली आहे. आज घरातही ऐकू येते — हूं —

त्याला गोष्टच पायजे ना. म्हटलं पोरीची सोड, माझी घे. लंबी आहे, तिखट आहे. लग्नापासून सुरू केली —

प्रगतीचं तोंड मिटलेलं आहे. हूं आता माझ्या पाठीशी आला. सोडलं तिला. रडू नको, लिही.

माझी पुरी झाली नाही पायजे. शेवट येऊ लागला की मी तोंडात पदर कोंबीन, तू तिथंच सोड —

तर सासऱ्यानं बैल दिला — हूं — बैल आंधळा निघाला — हूं — तो घेऊन आमी ओढा उतरलो, अन् ओढ्याच्या पलीकडं कोणी उभं होतं, ते —