लूझर म्हणजे काय

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. इंग्रजीच्या चाचणीत मी नापास झाले तेव्हा तुम्ही माझा पेपर वर्गापुढे धरून म्हणालात, ‘‘ही बघा, कारध्याची लूझर.’’ वर्ग हसला. त्या दिवसापासून आमच्या कारधा गावाहून वैनगंगेचा पूल ओलांडून शाळेत येताना मागून तोच शब्द ऐकू यायचा. एकदा बाबांच्याही कानावर पडला. नदीवरून आलेले बाबा अंगणात जाळं वाळत घालत होते. ‘‘लूझर म्हंजे काय वं बाई?’’ त्यांनी विचारलं. मी पटकन म्हणाले, ‘‘हुशार.’’ दुसरं काय सांगणार होते?

बाबांना शाळा ठाऊक नव्हती, पण उपकार ठाऊक होते. दोन दिवसांनी धुतलेला सदरा घालून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोठी मरळ मासोळी घेऊन ते शिक्षकांच्या खोलीत आले. शिपायानं मला बोलावलं म्हणून मी दारापर्यंत आले, आणि तिथेच थबकले. बाबा हात जोडून म्हणत होते, ‘‘सर, तुमी माह्या पोरीले लूझर म्हटलं, म्हून आनलं.’’ तुम्ही क्षणभर त्यांच्याकडे पाहिलंत. मग खुर्ची मागे सरकवून बाकीच्यांना हाक मारलीत, ‘‘अहो, इकडे या, ऐका. हं, पुन्हा सांगा.’’ बाबांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. सगळे हसले, आणि आपल्या आनंदातच सगळे सामील झाले असं समजून बाबाही हसले. मरळ तुम्ही ठेवून घेतलीत.

फाटकापाशी शिपायानं त्यांना खरा अर्थ सांगितला. पुलावर बाबांनी एवढंच विचारलं, ‘‘तू काहून खोटं सांगतलं?’’ ‘‘तुमाले वाईट वाटन म्हून.’’ त्यानंतर ते शाळेच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. बारावीत मी इंग्रजीत शाळेत पहिली आले, त्या कार्यक्रमालाही आले नाहीत. सगळ्यांचे आईवडील पुढच्या रांगेत होते, आणि बक्षीस तुमच्या हातून घ्यावं लागलं.

इंग्रजी मी तुमच्यावर सूड म्हणूनच शिकले. नागपूरला एम.ए. करताना ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश काढून सगळ्यात आधी तो शब्द पाहिला. लूझर म्हणजे हरणारा, एवढंच तुम्हाला माहीत होतं. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता नासाडी करणारा. ज्याचं काही गेलं तो, हा अर्थ पुढे आला. मग शर्यतीत हरलेला घोडा, आणि अगदी अलीकडे अमेरिकेतल्या पोरांनी त्याची शिवी केली. तो पहिला अर्थ वाचून मला इतका आनंद झाला की शेजारची मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

तुमच्या शोकसभेत माजी विद्यार्थिनी, आता प्राध्यापिका, म्हणून मला बोलायला उभं केलं. तुमच्या फोटोला झेंडूचा हार होता. मी सगळं सांगितलं, चाचणीपासून मरळीपर्यंत. तुमचा मुलगा उठला, ‘‘मॅडम, आज नको.’’ मी म्हणाले, ‘‘आजच.’’ आणि शब्दाचे सगळे अर्थ सांगून फोटोकडे बोट दाखवलं, ‘‘पहिला अर्थ यांचा.’’ त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघे समोरच बसले होते. एकानंही मान वर केली नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रागावतील, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘‘कोन कोन होतं तेथं?’’ मी नावं सांगितली. बाबा भिंतीला टेकून नीट बसले. ‘‘आता पयलेपासून सांग,’’ म्हणाले, ‘‘सावकाश.’’ जेवण निवून गेलं तरी आमचं तेच चाललं होतं.

त्या सभेबद्दल लोक मला अजून धीट म्हणतात, सर. ते खरं नाही. तुम्ही जिवंत असताना बाजारात दोनदा समोर आला होतात, आणि दोन्ही वेळा मी वाकून तुम्हाला नमस्कार केला होता.