दोन खुर्च्या आणि अकरा घरं

प्रिय धाकट्या,

तुमच्या गरिबीच्या पाहणीचं जाडजूड पुस्तक पोचलं. कागद इतका गुळगुळीत की पोस्टमनने दारातच विचारलं, कुणाचं लग्न ठरलं का. पहिल्या पानावर तू पेनाने लिहिलं आहेस, 'ताईस, जिच्यामुळे हे सगळं'. ते वाचून मला भरून आलं, खोटं नाही सांगत. मग एकोणिसावं पान उघडलं आणि माझं जे डोकं फिरलं ते आज आठवडा झाला तरी ठिकाणावर आलेलं नाही. तेव्हा नेहमीसारखं 'इकडे सर्व ठीक' लिहीत नाही, कारण इकडे काहीही ठीक नाही. जरा बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. लहानपणी बरोब्बर उलटं होतं आणि तेच बरं होतं.

एकोणिसाव्या पानावर आमची गल्ली आहे. फोटो छान आलाय, उतरणीवरचा नळसुद्धा दिसतो. खाली लिहिलंय की या गल्लीतली अकरा घरं गरिबीच्या रेषेच्या वर आली. मी घरं मोजून पाहिली. अकरा म्हणजे नळापासून माझ्या दारापर्यंतची अख्खी बाजू. ही बाजू तुला पाठ आहे, मग सांग, वर आलं कोण? पहिल्या घरातली भाजीवाली, जिची हातगाडी उचलून नेली ती अजून परत मिळाली नाही? तिच्या शेजारचा रंगारी, जो परांचीवरून पडल्यापासून एका हाताने जेवतो? की मी? मी अजून इस्पितळाच्या लाँड्रीतच आहे. फरक झाला असेल तर एवढाच, की पूर्वी ओल्या चादरी चौघी ओढायचो, आता दोघी ओढतो. यालाच वर येणं म्हणत असतील तर माझे खांदे खरंच वर आलेत. खाली जातच नाहीत.

आणि शिंपीकाका. सातवं घर. तुझ्या पहिल्या मुलाखतीची पँट त्यांनी शिवली होती, आणि शिलाई विचारली तर म्हणाले होते, साहेब झाला की बघू. त्यांची मूत्रपिंडं गेली हे मी तुला कळवलं होतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गरिबीचं कार्ड होतं म्हणून फुकट व्हायचं. रेषेच्या वर गेले, कार्ड बंद झालं. गेला महिनाभर ते आठवड्यातून एकदाच जातात, तेही शिलाई मशीन विकून. पाय असे सुजलेत की चपला चढत नाहीत, फडकं गुंडाळून येतात. सकाळच्या पाळीला जाताना मीच त्यांना बसमध्ये चढवते. पूर्वी हात दिला की पुरायचं, हल्ली कंडक्टरला खाली उतरावं लागतं. डायलिसिसच्या खोलीतली सिस्टर मला परवा बाजूला घेऊन म्हणाली, असं फार दिवस निभणार नाही, मावशी, तुम्हीच काहीतरी बघा. आता तिला काय सांगू, की हे बघणारा माझा सख्खा भाऊ आहे?

हे घडलं कसं ते ऐक. तुझ्या पुस्तकात ते कुठेच नाही. तुमची ती टॅबवाली बाई आली तेव्हा सकाळची वेळ होती, मला सुट्टी होती. बिचारी पन्नाशीची, एका गुडघ्यात दुखणं, आणि संध्याकाळपर्यंत तीस घरं उरकायची होती. कशासाठी आलात म्हणून विचारलं तर म्हणाली, माहिती घ्यायला, जास्त सांगायची आम्हाला परवानगी नाही. आम्हाला वाटलं शिरगणती असेल. ती भाजीवालीच्या दारात उभ्या उभ्याच टॅबवर बोटं मारायला लागली, आणि मधूनमधून गुडघा चोळत होती. आता आलेल्या माणसाला उभं ठेवायचं का? भाजीवालीकडे बसायला देण्यासारखं काही नाही. मग मीच कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे धावले. गिऱ्हाइकं खोळंबतात तिथे त्याच्या दोन खुर्च्या असतात ना, लाल रेक्झीनच्या, त्या मागून आणल्या. एकीवर ती बसली, दुसरीवर तिची पिशवी. पुढच्या घरी निघाली तशी मी आणि रंगाऱ्याची बायको मागच्या बोळातून खुर्च्या घेऊन तिच्या आधी पुढच्या घरात. गल्लीचं नाक राहिलं पाहिजे ना! शिंपीकाकांच्या घरी तर काकूंना उठवेना, म्हणून मी एकटीने दोन्ही खुर्च्या आत नेऊन भिंतीला लावल्या, वर फडकं मारून पुसून ठेवल्या. सात-आठ घरांनंतर ती बाई हसून म्हणाली, तुमच्याकडे सगळ्यांच्या खुर्च्या एकाच दुकानातल्या दिसतात. त्यावर रंगारी म्हणाला, हो तर, सगळ्यांनी मिळून घेतल्या, स्वस्तात पडल्या. आम्ही सगळे हसलो. तीही हसली. आणि हसत हसत तिने टॅबवर खुर्च्यांपुढे खूण केली.

कार्डं बंद व्हायला लागली तेव्हा मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने चांगल्या मनाने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला. सातवं घर, खुर्च्या दोन, खुर्च्यांचे गुण चार. घराचे सगळे गुण मिळून रेषेच्या वर किती, तर तीन. म्हणजे खुर्च्या नसत्या तर काका रेषेच्या आत होते. मी त्याला सगळं सांगितलं, सलूनसकट. तो म्हणाला, बाई, पाहणीच्या वेळी घरात खुर्ची होती की नव्हती? होती. मग झालं तर. मी म्हटलं, अकरा घरांची साक्ष आणते. तर म्हणाला, शेजाऱ्यांची साक्ष धरायची नाही असा नियम आहे, आता पुढची पाहणी तीन वर्षांनी. काका तीन महिने काढतील की नाही ते डॉक्टर सांगेना, आणि हा तीन वर्षं सांगतो! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही हातसुद्धा दाखवला नव्हता रे, नुसतं बसायला दिलं होतं.

नंतर तुझं पुस्तक आलं तेव्हा ते नियम मी छापील वाचले. 'पाहणाऱ्याने विचारू नये, दिसेल ते नोंदवावे, कारण कुटुंबे आपली मालमत्ता लपवतात.' 'हेतू सांगू नये.' मग कोणत्या वस्तूला किती गुण त्याची यादी, खाली ती करणाऱ्या समितीची नावं, आणि सगळ्यांत वर तुझं. तू इतका सरळ, की पाहणी होणार हे सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नाहीस. त्याचं मी कौतुक करू की कपाळावर हात मारू? माणसं असलेलं लपवतात, हे तुमच्या शहाण्या समितीला सुचलं. माणसं नसलेलंही लपवतात, जास्त जिवापाड लपवतात, हे एकालाही माहीत नव्हतं? त्यांना नसेल, पण तुला तरी? बाबांचं काम सुटलं होतं ती दोन वर्षं आठव. आई रोज सकाळी त्यांचा गिरणीचा न घातलेला शर्ट पाण्यातून काढून पुढच्या दोरीवर घालायची, गल्लीला वाटावं हा माणूस कामावर जातो. वाळला की तो शर्ट घडी करून आत आणायचं काम तुझं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तू शाळेत नाही, त्या दोरीखाली शिकलास. आणि मोठा झाल्यावर यादी केलीस ती अशी, की जणू मूठ झाकणाऱ्याच्या मुठीत सव्वा लाख असतातच.

रागाच्या भरात मी तुला फोन केला होता, आठवतं? तू विमानतळावर होतास. म्हणालास, ताई, एवढ्या मोठ्या यादीत दोन-चार टक्के चूक राहतेच, जगात सगळीकडे राहते. असेल. मी आकडेवाली नाही, नववीत शाळा सोडली आणि का सोडली ते तुला ठाऊक आहे. पण तो टक्का मी रोज बघते. तो सकाळी साडेसहाच्या बसला फडकं बांधलेले पाय घेऊन उभा असतो आणि मला म्हणतो, धाकट्याला त्रास देऊ नकोस, त्याच्यामागे कामं फार. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशी तुमची तऱ्हा! उंटावरून शेळ्या हाकता आणि शेळ्या कमी भरल्या की म्हणता वर गेल्या. त्यावर आणखी चार देश आता तुमचीच यादी घेणार म्हणून पुस्तकात अभिमानाने छापलंय. त्या देशांत काय पाहुणे उभे राहतात? तिथल्या बायका शेजारून मागून आणत नाहीत?

आता माझी चूक. तीही लिहिते, नाहीतर राग फक्त तुझ्यावर काढल्यासारखं होईल. खुर्चीचा तो रकाना यादीत कुणी घातला ते मला सांगायला नको. घरमालकाकडे भाडं द्यायला आई तुला पाठवायची, तू तासभर उंबऱ्यात उभा राहायचास आणि घरी येऊन म्हणायचास, ज्यांच्या घरी खुर्ची त्यांना काही कमी नसतं. नऊ वर्षांच्या पोराचं ते खरंच होतं. पण तू ते पुसलं नाहीस, आणि पुसू दिलं नाही मी. दोन वर्षांपूर्वी तू आणि वहिनी आलात, तेव्हा खुर्चीवर टेकत तू म्हणालास, ताई, तुझं आता बरं चाललंय. मी म्हटलं, हो तर. त्या खुर्च्या सलूनवाल्याच्याच होत्या, धाकट्या. तुमची गाडी वळली आणि मी परत नेऊन दिल्या. तुला वाईट वाटू नये, वहिनीसमोर तुझी मान खाली जाऊ नये, म्हणून वीस वर्षं मी तुला 'सर्व ठीक' लिहीत आले. गल्लीला खुर्च्या फिरवायची सवय माझ्यापासून लागली. तुझ्या यादीतलं पहिलं खोटं उत्तर माझं आहे, आणि त्याची शिक्षा शिंपीकाका भोगतायत. ही लाज मला आता सोसवत नाही.

काल तुझ्या कचेरीतून पाकीट आलं. मंगळवारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे, त्या चार देशांचे पाहुणे येणार, आणि गरिबीतून वर आलेल्या कुटुंबांतर्फे मी तीन मिनिटं बोलायचं आहे. भाषण टाइप करून पाठवलंय, 'मी आज माझ्या पायांवर उभी आहे' असं त्यात आहे. सोबत तुझी चिठ्ठी, की ताई, तू धीट आहेस म्हणून तुझंच नाव सुचवलं, फक्त आपण भाऊबहीण हे तिथे बोलू नकोस, बरं दिसत नाही. तर तुला आजच कळवते. मी येणार आहे, आणि तो कागद वाचणार नाही. मी शिंपीकाकांबद्दल बोलणार, खोटं मी कसं बोलले ते सांगणार, नियम कुणी केला ते सांगणार, आणि तो माझा धाकटा भाऊ आहे, मी हातावर वाढवलेला, हेही सांगणार. कारकून म्हणाला की बंद झालेलं कार्ड वरच्या साहेबांच्या एका सहीने चालू होतं. ते साहेब म्हणजे तू. पत्र मिळताच सही केलीस तर काकांच्या डायलिसिसच्या या आठवड्याच्या दोन पाळ्या तरी बुडायच्या वाचतील. पण सही केलीस म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस, उरलेली दहा घरं आहेत आणि चार देश आहेत. हे सगळं तुला मंगळवारी लोकांसमोर पहिल्यांदा ऐकायला लागलं असतं, तर बहिणीने पाठीत वार केला असं वाटलं असतं. तसं वाटू नये म्हणून हे आधी लिहिलं. मी बोलायला लागले की खाली बघू नकोस.

मंगळवारनंतरही तुझीच,
ताई