गळ्याचा हिरवा फोटो

सोम., ९ फेब्रु.
सरांनी स्कॅन सेंटरबाहेर नवा बोर्ड लावला. 'घोरता? श्वासमार्गाची थ्रीडी तपासणी करा.' मशीन घेतलं अक्कलदाढांसाठी, आता ते झोपेचं भविष्य सांगणार. सर दात काढतात आणि सेंटरचे मालक आहेत, म्हणजे गळ्यातलंही त्यांना कळायलाच हवं. कॉम्प्युटर गळ्यातल्या पोकळीला रंग देतो. लाल म्हणजे अरुंद, हिरवी म्हणजे मोकळी. रिपोर्ट मी लिहिते, तेव्हा रंग कुठून कुठवर धरायचा ते मीच माउसने ठरवते. सकाळी एकाच स्कॅनचं माप दोनदा घेतलं, दोन आकडे आले. सर म्हणाले, मोठा लिहा. धन्य.

बुध., ११
गंगाखेडचे बाबाराव, एसटीचे ड्रायव्हर. बायकोला घेऊन आले, बोर्ड वाचून. गेल्या आठवड्यात देवगाव फाट्याजवळ गाडी चालवताना डोळा लागला. कंडक्टर ओरडला म्हणून निभावलं. डेपोत कुणाला सांगितलेलं नाही. बायको हळूच म्हणाली, "झोपंत ह्यांचा दम अडकतो. मी हलवते, मंग घेतात." एवढ्यावर कुणाही शहाण्या डॉक्टरने झोपेच्या तपासणीला पाठवलं असतं. आमच्या सरांनी स्कॅनला बसवलं. टक्क जागा माणूस, ताठ बसलेला. चित्र हिरवंगार. सरांनी पाठीवर थाप मारली, रस्ता मोकळा म्हणाले. 'यावरून झोपेतल्या श्वासाबद्दल काही सांगता येत नाही' हे माझं वाक्य रिपोर्टमधून गायब. पेशंट गोंधळतो म्हणे.

शुक्र., १३
बाबारावांचा स्कॅन परत उघडला. मानेचे मणके मागे कललेले. ऑपरेटर शेखभाईंना विचारलं, बसवता कसं? ते आधी फोटो स्टुडिओत होते. इथेही प्रत्येकाला तेच सांगतात, हनुवटी वर, दम रोका. हनुवटी वर केली की गळा उघडणारच! दाढेचा स्कॅन असला तर त्याने काही अडत नाही, म्हणून कुणी हटकलं नाही. म्हणजे आम्ही जिल्हाभर हिरवे गळे वाटत बसलोय. सरांना सांगितलं. मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "मॅडम, हिरवं हाय ना? मग कशाला उकरायलाव?"
डिग्री भिंतीवर, अक्कल कुठे कोण जाणे.

शनि., १४
बाबारावांना फोन केला. आवाजात नुसता आनंद. फोटो लॅमिनेट करून घेतलाय. आता भीती नाही म्हणून पुण्याची रात्रीची गाडी स्वतः मागून घेतली, बुधवारपासून. मी म्हटलं, नांदेडला झोपेची तपासणी करून घ्या, तोवर रात्रीची ड्युटी नको. "हिरवं आलंय की मॅडम," म्हणाले, आणि हसले. सरांचा इतका तिरस्कार याआधी कधी वाटला नव्हता.

रवि., १५
गंगाखेडला जाऊन आले. समोरच्याच खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली तो फोटो. चहा झाला. सगळं सांगितलं. बसून काढलाय, जागेपणी काढलाय, मान मागे होती. झोपल्यावर जीभ मागे पडते, गळा मिटतो, ते यात दिसतच नाही. सरांनी गाळलेलं वाक्य घालून, माझ्या सहीचा नवा रिपोर्ट हातात दिला. बायकोने नांदेडचा नंबर उतरवून घेतला. बाबारावांनी शांतपणे ऐकलं. थांबा नसलेल्या गावाला उतरवा म्हणणाऱ्या प्रवाशाचं ऐकावं, तसं.

मग म्हणाले, "मॅडम, मशीन तुमचं, फोटो तुमचा. बुधवारी खरा व्हता, आज खोटा म्हनता. मंग नांदेडचं मशीन खरं बोलंल कशावरून?"

तिथे रात्रभर झोपवून श्वास बघतात, वगैरे सांगत राहिले. माझं बोलणं माझं मलाच पटेना. डेपोत कळवीन असंही म्हणून पाहिलं. तर बायकोचाच चेहरा उतरला. नोकरी जाईल हो, म्हणाली.
बघतो, म्हणाले बाबाराव. कधी, ते नाही सांगितलं.
डेपोचा नंबर काढून ठेवलाय. अजून लावलेला नाही.