कपाटावरचं ओलं पोतं

प्रिय अण्णा,

'प्रिय' असंच लिहायचं असतं हे सातवीपर्यंत शिकलो, म्हणून लिहिलं. आतून तसं काही नाही. काल वहिनीचा फोन आला. मोबाईल रिपेरिंगवाला तुझं दुकान मागतोय. "भाऊजी, देऊ का नको, तुम्हीच सांगा. मला एकटीला सुचत न्हाई," म्हणाली. तू मरून सुटलास आणि निकाल मी द्यायचा, छत्तीसगडात बोअरच्या गाडीवर बसून!

मी कुठल्याच कामावर टिकत नाही, आणि घरातला शहाणा तू. शहाणा! हैदराबादला वाद्यांच्या गोदामात हमालीला गेलास आणि चार तारांचं खेळणं काखेत मारून एसटीतून उतरलास. युकुलेले! गावाला नावसुद्धा घेता येईना. पारावर इरप्पा म्हातारा काय म्हणाला, आठवतं? "शिवा, गिटारीचं पिल्लू हाय व्हय रं? दूध पितंय का अजून?" सगळा पार हसला. तूही हसलास. लाज मला वाटली.

मग रोडला पत्र्याचं दुकान. लोक ढोलकी मागायचे, टाळ मागायचे, लग्नातली पोरं बेंजो मागायची. तू म्हणायचास, "ते उदगीरात मिळतंय. हे ऐकून तर बघा." गिऱ्हाइकाला माघारी धाडणारा दुकानदार मी जन्मात एकच पाहिला.

आणि मला म्हणायचास, "उदगीर जिल्हा होऊ दे रे बसू. साहेब लोक येतील, त्यांच्या बायका येतील, लेकरं येतील. शिकायला इथंच येतील बघ." झाला का? जिल्हा आला नाही, टँकर आला.

ते टँकरचे दिवस मी तुला माफ करणार नाही. आई नळीला घागर लावायला बायकांशी झोंबायची, कोपर सोलून घ्यायची. आणि तू त्यातलंच पाणी पोत्यावर ओतून ते पोतं दुकानातल्या युकुलेलेच्या कपाटावर टाकायचास! "कोरड्या हवेनं लाकूड तडकतंय." आई म्हणाली, "आन् माणसं तडकली तर चालतंय का रं?" तू पोतं नीट पसरत राहिलास. मी त्याच दिवशी पिशवी भरली. आणि कामाला कुठं लागलो, तर जमिनीत भोकं पाडून पाणी काढायला!

मागच्या वैशाखात त्या पत्र्याखाली तुला ऊन लागलं आणि तू गेलास. कपाटावर ओलं पोतं, आणि तुझ्या डोक्याला साधा रुमाल नाही. एक रुमाल भिजवायला काय विहीर लागत होती, मूर्खा?

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला खड्ड्यात मांडी घालून बसवलं, तळहातावर इष्टलिंग ठेवलं. मी पोचलो तोवर माती लोटून झाली होती. "दुकानात बसायचा तसाच दिसत होता," आई म्हणाली. मी रडलो नाही. राग होता. अजून आहे.

म्हणून काल वहिनीला म्हणालो, "देऊन टाका दुकान. आणि कपाटात तडकलेलं असेल ते चुलीत घाला." तिनं व्हिडिओ लावून मोबाईल कपाटासमोर धरला. एकही तडकलेलं नाही, अण्णा! यंदाही गावात टँकरच आहे. आणि वरचं पोतं ओलं. पाणी गळत होतं त्यातून.

"हे कुणी भिजवलं?"

मागून आईचा आवाज आला. "मीच. रोज भिजविते. टँकरचं चांगलं पाणी हाय, बोअरचं खारं न्हाई. खारं चालत न्हाई म्हणायचा तो."

मग पुन्हा तुझाच राग आला. ज्या बाईनं तुला पाण्यावरून शिव्या दिल्या, तिलाच त्या कामाला लावून गेलास?

मोबाईलवाल्याला नाही म्हणून सांगितलंय. फुगू नकोस. हे बोअर संपलं की मी येतोय. दुकानात ढोलक्या टांगीन, टाळ ठेवीन, बेंजो ठेवीन, तुझ्या नाकावर टिच्चून. जो जे मागेल ते देईन. तुझी पिल्लं कोपऱ्यात कपाटात राहतील. आईच्या हातातला तांब्या मी काढून घेईन, पोतं मी भिजवीन. रोज एक तांब्या. वर एक थेंब मिळणार नाही, सांगून ठेवतो.

तुझ्यावर रागावलेलाच,
बसू